जपानातलं वठार

अण्णांना इंग्रजी उत्तम येत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बिचाऱ्यांना वाचता येत नसेल म्हणून तसं करत असतील. बिचारे वगैरे ते अजिबात नव्हते. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलेला माणूस. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्या उलट्या बाजूने सुलट वाचायचे. पण परदेशी पिक्चरमध्ये खाली जी इंग्रजी ओळ येते, ती मात्र ते वाचत नसत. नुसतं वाचत नसत असं नाही, डोळ्यांना दिसूही देत नसत. फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये ठरलेल्या खुर्चीत बसायचे, उजवा हात समोर लांब करायचे आणि तळहात असा आडवा धरायचे की बरोबर ती ओळ झाकली जावी. उजवा हात दुखला की डावा. मागच्या रांगेतली माणसं कुरकुरायची, पण त्यांनाही हळूहळू सवय झाली.

"माणूस तोंडानं बोलतो," अण्णा म्हणायचे. "त्याच्या पायाशी काय बघायचं?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बंगळूरला नोकरीला आले. इलेक्ट्रॉनिक सिटीत तेव्हा मोजक्याच इमारती होत्या आणि बाकी मोकळं माळरान होतं. कंपनीची बस चामराजपेटेवरून जायची म्हणून मी तिथे खोली शोधत होते. कुणीतरी अण्णांच्या वठारात पाठवलं. वठार म्हणजे मधे फरसबंद चौक, तिन्ही बाजूंनी एकेक-दोनदोन खोल्यांची बैठी कौलारू घरं, कोपऱ्यात सगळ्यांत मिळून एक नळ आणि आतल्या अंगाला मालकाचं घर. आपल्याकडे चाळ म्हणतात त्यातलाच प्रकार. पण मी एकदा चाळ म्हणाले तर अण्णांनी दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

खोली देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. गाव नाही, जात नाही, पगार नाही.

"पिक्चर बघतीस काय?"

"हिंदी बघते," मी म्हणाले.

"सरी, बरं. शिकशील," असं म्हणून त्यांनी किल्ली हातात दिली.

त्यांचं घराणं शे-दोनशे नाही, तर साडेतीनशे वर्षांमागे इकडे आलेलं. "आमचे वाडवडील फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले," असं ते कौतुकाने सांगत. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की पहिला महिनाभर मी नुसती मान डोलवत होते. मी मूळची बार्शीची. हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. पण महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पुण्याचाच असे आणि पुण्याच्या माणसाला जरा जास्तच शहाणपण असतं अशी त्यांची खात्री होती. माझ्या बाबतीत ती खात्री डळमळीत व्हावी असं मी काही केलं नाही, हेही खरं.

शनिवारी ते सोसायटीचा पिक्चर बघून यायचे आणि रविवारी संध्याकाळी चौकात खुर्ची टाकून तो वठाराला सांगायचे. नळाशी बायका, पायऱ्यांवर पुरुष, मधे अण्णा. पिक्चर म्हणजे त्यांच्या मते एक भांडण. भांडण कुणाकुणाचं आणि त्यात बरोबर कोण, एवढं कळलं की पिक्चर कळला. त्यामुळे ते सांगताना सगळ्या पात्रांचे आवाज काढून भांडत असत. एकदा सोसायटीत एक युरोपातला पिक्चर होता. मीही गेले होते. त्यात दोन म्हातारे पाद्री पूर्ण वेळ देव आहे की नाही यावर वाद घालतात. रविवारी अण्णांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते सख्खे भाऊ होते आणि वाद शेताच्या बांधावरून होता. धाकट्याने बांध सरकवला होता. थोरल्याला ते ठाऊक होतं, पण आईला वचन दिल्यामुळे बोलता येत नव्हतं. वठारातल्या बायकांनी डोळे पुसले. खरं सांगायचं तर मलाही अण्णांचाच पिक्चर जास्त आवडला.

पण माझी जीभ गप्प बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठून म्हणाले, "अण्णा, ते भाऊ नव्हते. खाली स्पष्ट लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. "तुला छापलेलं खरं वाटतं काय?" ते म्हणाले. "छापलेल्यात किती खोटं असतंय ते मी स्वतः जुळवलंय पोरी. मला विचार."

कधीमधी ते एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत आणि कुणाकडून तरी मिळवलेली कॅसेट चौकात लावत. अशा वेळी टीव्हीच्या खालच्या भागावर एक पंचा घडी करून बांधलेला असे. आवाजही बारीक. अण्णा शेजारी उभे राहून स्वतःच सगळं बोलत. पाहुण्यांना हा प्रकार वेडगळ वाटे. वठाराला त्यात काही विशेष वाटत नसे.

अण्णांना मधेच तोडायची छाती एकाच बाईत होती. ती म्हणजे पहिल्या घरातल्या अक्का. दाराशी लागून त्यांचं घर. नवरा फार पूर्वी वारलेला, लेक देवनहळ्ळीला दिलेली. अक्का हप्पळ करून विकायच्या. हप्पळ म्हणजे आपले पापड. ते वाळत घालायला चौकातली उन्हाची जागा कुणाची, यावरून अण्णांशी त्यांचा रोजचा वाद. अण्णांची गोष्ट रंगात आली की त्या म्हणायच्या, "अण्णा, साकु झालं. ती बाई मेली काय जगली तेवढं सांगा. माझं सारू उतू जातंय." अण्णा चिडत, पण मुकाट्याने शेवट सांगून टाकत. अण्णांच्या बायकोला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दुपारचं ते स्वतः काहीतरी शिजवत आणि रात्रीचं ताट अक्कांकडून येई. याबद्दल वठारात कुणी काही बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. दोन म्हातारी माणसं होती, एकाला भूक लागायची आणि दुसरीला जास्तीचं करायची सवय होती.

अक्कांच्या टापटिपीचा मात्र मला धाक वाटायचा. सकाळी बसला निघताना त्यांचं दार धुतलेलं, रांगोळी घातलेली असायचीच. शेजारच्या घराची बाई आळशी होती, तर तिचंही दार अक्काच धुवायच्या आणि वर तिला ऐकवायच्या. कुणी नळाशी जोरात भांडलं किंवा चौकात खरकटं टाकलं की त्यांचा आवाज चढे. "हे घर आहे. रस्ता नाही," असं त्या म्हणत. मला वाटायचं, जरा अतीच करतात. त्यामागे काय होतं ते मला पुढे कळलं.

तर एका शनिवारी अण्णा सोसायटीतून आले ते जवळजवळ धावतच. चप्पल दाराशी काढायची विसरले.

"जपानात वठार आहे," ते चौकात उभं राहून म्हणाले.

त्यांनी एक जपानी पिक्चर बघितला होता, काळा-पांढरा. रविवारची वाट न बघता त्यांनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. एकाला एक लागून घरं. एकच नळ. नळाला रांग. एक विधवा बाई कागदाच्या पिशव्या चिकटवून पोट भरते. शेजारी एक सुतार राहतो, पितो, पण मनानं चांगला. आणि त्या बाईचा जावई अधूनमधून येतो, फार हसतमुख माणूस, सगळ्यांची चौकशी करतो. भांडण त्या बाईचं आणि सुताराचं, कशावरून ते अजून अण्णांना नक्की होत नव्हतं. पण त्यांना भांडणाचं काही पडलंच नव्हतं. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, लोक आपल्यासारखे एका नळावर पाणी भरतात, या गोष्टीने ते हरखून गेले होते. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं, हा पिक्चर वठाराने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागून कॅसेट मिळवली. सेक्रेटरी म्हणजे एक जाड चष्म्याचे, सज्जन गृहस्थ. चांगला पिक्चर सगळ्यांपर्यंत पोचला पाहिजे असं त्यांना कळकळीने वाटे. त्यांनी विचारलं, मी आलो तर चालेल का, लोकांना काय वाटतं ते मला ऐकायचंय. अण्णा म्हणाले, या की.

वठाराच्या दाराशी एक फळा होता. नळाची वेळ, कुणी नळ उघडा टाकला त्याची निंदा आणि पिक्चरची खबर, हे सगळं अण्णा त्यावर छापील अक्षरात लिहीत. सोसायटीचा खेळ नव्हता त्या आठवड्यात त्यांनी वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं: शनिवारी संध्याकाळी सहाला चौकात. जपानातलं वठार. आपल्यासारखीच माणसं. सगळ्यांनी यावं.

सगळे आले. अक्का तर जरीच्या काठाची साडी नेसून, स्वतःची खुर्ची आणून पहिल्या रांगेत बसल्या. टीव्हीला पंचा बांधलेला होता. अण्णा बाजूला उभे, घसा साफ करत. तेवढ्यात सेक्रेटरी उठले आणि दोन शब्द बोलतो म्हणाले.

ते कन्नडमध्ये बोलले, साधं आणि मनापासून. हा पिक्चर जपानमधल्या स्लममधल्या जीवनावर आहे, म्हणाले. आमच्या सभासदांना फार आवडला. पण आमचे सभासद बंगल्यांत राहतात, त्यांना त्यातलं काय कळणार? म्हणून मी इथे आलो. तुम्ही हे जीवन रोज जगता. तुमची प्रतिक्रिया खरी.

मग एकेकाची मान फळ्याकडे वळली. आपल्यासारखीच माणसं.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "स्लम? कुणाचं स्लम?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरींना वाटलं, बाईंना शब्द कळला नाही. त्यांनी फार सौजन्याने समजावून सांगितलं, "कोळगेरी, अम्मा. झोपडपट्टी."

अक्का अण्णांकडे वळल्या. "ते फळ्यावरचं तुम्ही लिवलात?"

"मी लिहिलं," अण्णा गोंधळून म्हणाले. "पण मी वठार लिहिलं अक्का."

"आपल्यासारखीच, असं लिवलात."

"लिहिलं की."

अक्कांनी आपली खुर्ची उचलली, घरात गेल्या आणि आतून कडी लावली. त्यांच्यामागे एकेक करून सगळे गेले. चौकात आम्ही तिघेच उरलो, मी, सेक्रेटरी आणि अण्णा. सेक्रेटरी हात चोळत पुन्हापुन्हा विचारत होते, माझं काय चुकलं. खरं तर त्यांचं फारसं काही चुकलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "तुम्ही स्लम का म्हणालात? वठार आहे ते."

"अण्णा, पहिल्याच प्रसंगात लिहिलंय," सेक्रेटरी म्हणाले.

"पंचा काढ," अण्णा मला म्हणाले. आजवर त्या पंच्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो सोडला, कॅसेट चालू केली. पत्र्याची घरं, चिखल, एक माणूस गाठोडं घेऊन येतो आणि दुसरा त्याला काहीतरी म्हणतो. खाली ओळ आली. मी ती वाचली. या झोपडपट्टीत नवीन माणसाला नाव विचारत नाहीत, असं लिहिलं होतं.

अण्णा खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी ती मुकी हलणारी तोंडं बघितली. मग सेक्रेटरींना विचारलं, "आणि तो जावई?"

"जावई नाही अण्णा. तो भाडेवसुलीचा माणूस आहे. दर महिन्याला तगाद्याला येतो."

"इतका हसून बोलतोय की," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी टीव्ही बंद केला.

त्या रात्री अक्कांकडून ताट आलं नाही.

रविवारी सकाळी अक्कांनी मला हाक मारली. नेहमीप्रमाणे पाटावर हप्पळ लाटत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अण्णांना सांग, महिनाअखेर घर खाली करते. देवनहळ्ळीला लेकीकडे जाते."

मी म्हणाले, "अक्का, त्यांना ठाऊक नव्हतं. ते ओळ वाचतच नाहीत. त्यांना खरंच ते वठार वाटलं."

"वाटलं असेल. मग त्या झोपड्या बघून त्यांना मीच का आठवले?"

"तुम्ही नाही. सगळेच."

त्यांनी लाटणं थांबवलं. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलं. पोर कडेवर. रेल्वेच्या रुळाकडेला गोणपाटाच्या झोपडीत त्या राहिल्या, एक पावसाळा, मग दुसरा. तिथून या वठारात आल्या तेव्हा सासर तुमकूरचं आहे, तिथून आले, असं सांगितलं. अण्णांनी पुढे काही विचारलं नाही. लेकीचं लग्न झालं, नातवंडं झाली, आणि आजपर्यंत कुणाला पत्ता नाही.

"आता ह्यांना कुठून तरी कळलंय," अक्का म्हणाल्या. "म्हणून आपल्यासारखी. बाहेरचा माणूस आणून, सगळ्यांच्या पुढं. मी इथं रोज दार धुतलं, ते काय ह्यासाठी?"

त्या रडल्या नाहीत. पण हातातला हप्पळ इतका पातळ लाटला गेला की फाटला. मला त्यांची बाजू इतकी पटली की अण्णांचा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, अक्का गेल्या तर ह्या म्हाताऱ्याचं काय होईल. रुळाकडेची गोष्ट मी अण्णांना सांगितली नाही. ती माझी नव्हती. घर खाली करण्याचा निरोप तेवढा दिला.

अण्णा उठून फळ्याजवळ गेले, पंच्याने सगळा फळा पुसला आणि खडू खिशात ठेवून परत आले. दिवसभर तो फळा कोरा राहिला. नळाची वेळसुद्धा लिहिली नाही. बायका येता-जाता त्याकडे बघायच्या आणि पुढे जायच्या.

दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. दुकान रविवारी बंद, म्हणून टीव्ही या वेळी सोमवारी सकाळी परत द्यायचा होता. "संध्याकाळी लावतो," ते म्हणाले. "पंचा नको. तू वाच. जे छापलंय ते सगळं मराठीत वाच, मला ऐकू दे. मी तोंड उघडणार नाही."

"कुणी येणार नाही अण्णा."

"नकोत येऊ. मला कळायला पाहिजे मी काय लिहून ठेवलं ते."

सहाच्या सुमाराला चौकात टीव्ही आणि दोन खुर्च्या. दारं सगळी बंद, खिडक्या मात्र थोड्याथोड्या उघड्या. मी वाचायला लागले. आज पाणी येणार नाही. कालही हेच म्हणालात. पोराचा खोकला कसा आहे? तसाच आहे. माझाच आवाज मला शाळेतल्या मुलीसारखा वाटत होता. अण्णा मांडीवर हात ठेवून बसले होते, एक शब्द बोलत नव्हते. इतक्या वर्षांत ते पिक्चरपुढे असे गप्प बसलेले वठाराने बघितलं नव्हतं, आणि ती शांतता सगळ्यांनाच जड जात असणार.

नळाचा प्रसंग आला. विधवा बाईने रांगेत आपलं भांडं ठेवलं आणि ती पोराकडे वळली. मागची बाई पुढे आली. खाली ओळ आली, ती मी वाचली, "माफ करा."

"माफ कर म्हणाली? ती?" पहिल्या घराच्या खिडकीतून आवाज आला. "बिंदिगे सरकवली तिनं. पायानं सरकवली. तुला दिसलं नाही काय?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी उठून कॅसेट मागे घेतली. खरंच, मागची बाई तोंडाने माफ करा म्हणत होती आणि पायाने पुढचं भांडं बाजूला ढकलत होती. ते मला दिसलं नव्हतं, कारण मी खाली वाचत होते. अण्णांनी सोसायटीत बघूनही त्यांना दिसलं नव्हतं, कारण ते तोंड बघत होते.

"बघितलं," अण्णा खिडकीकडे न बघता म्हणाले.

"मग तसं सांगा की. ही पोरगी नुसती वाचतीय."

थोड्या वेळाने वसुलीचा माणूस आला, हसत. मी ओळ वाचायच्या आत खिडकीतून आलं, "हा भाडं मागायला आलाय. हसणारेच जास्त वाईट." अण्णांनी मान खाली घातली. पुढच्या ओळीला कडी निघाली आणि अक्का खुर्ची घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागे शेजारची आळशी बाई, मग बाकीचे. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"तू स्वल्प गप्प बस," अक्का मला म्हणाल्या. मी आनंदाने गप्प बसले.

मग अक्का सांगायला लागल्या. अण्णांसारखे आवाज काढून नाही, भांडून नाही, सरळ. ही आता पीठ उसनं मागणार. ही देणार, पण आधी बोलणार. हा सुतार दारू प्यायला नाही आज, चाल बघा. आणि बहुतेक वेळा पडद्यावर तसंच व्हायचं. कॅसेट न्यायला सेक्रेटरी आले होते. ते दाराशीच थांबले आणि त्यांनी कुणाची प्रतिक्रिया विचारली नाही.

पुढे पडद्यावर पाऊस सुरू झाला. बाईचं छप्पर गळायला लागलं. एका कोपऱ्यात पोर झोपलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात चिकटवलेल्या पिशव्यांचा ढीग.

"आधी पिशव्या उचलणार," अक्का म्हणाल्या.

"छे, आधी पोर उचलेल," शेजारची बाई म्हणाली.

बाईने आधी पिशव्या उचलल्या. उराशी धरून ती इकडे-तिकडे कोरडी जागा शोधत होती आणि पोर पावसात रडत होतं. चौकातल्या दोघीतिघी चुकचुकल्या.

"तिला नावं ठेवू नका," अक्का म्हणाल्या. "पोर ओलं झालं तर पुसता येतंय. पिशव्या भिजल्या तर उद्या पोराला घालायचं काय?"

"तुम्हाला आधीच कसं कळलं अक्का?" शेजारणीने विचारलं.

मला वाटलं, अक्का आता उठून आत जातील. पण त्या उठल्या नाहीत.

"मीपण हप्पळच उचलले होते आधी," त्या म्हणाल्या. "रुळाकडेला राहत होते तेव्हा. वर गोणपाट होतं. तुमकूर-बिमकूर काही नाही. मी तिथून आले."

टीव्हीतला पाऊस तेवढा ऐकू येत होता. अण्णांनी आपली खुर्ची उचलली, पडद्याकडे पाठ केली आणि अक्कांकडे तोंड करून बसले. पिक्चर चालू असताना त्यांना पाठ फिरवलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या एका हालचालीवरून अक्कांनाही कळलं असणार.

"मग?" ते म्हणाले. "पुढं काय झालं?"

"पुढं काय. पाऊस थांबला तसं पोर कडेवर घेतलं, हप्पळाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि घर खाली आहे काय विचारत तुमच्या दारात आले."

"आणि आता?" अण्णांनी विचारलं.

"आता काय. राहतेय की," अक्का म्हणाल्या. "तोंड तिकडं करा अण्णा. त्या बाईच्या घरात पाणी शिरलंय."